मायचं ओंगण

गेल्या पावसाळ्यापासून माझे गुडघे कुरकुरतात. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, मान हलवली आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या गुडघ्यातलं वंगण संपलंय." वय झालेल्या प्रत्येक बाईला ते हेच सांगत असणार. पण मी उभं आयुष्य वंगणाचंच काम केलेली बाई. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तेव्हा काय होतं, झीज कशी सुरू होते, ती कशी थांबवायची, यातच माझे केस पांढरे झाले. त्यामुळे मला हसू यायला हवं होतं. आला तो राग, आणि डॉक्टर बिचारे विनाकारण गांगरले. वंगण असं आपोआप संपत नसतं. कुणी ते चुकीचं घालतं, कुणी नको तिथे घालतं, आणि ठपका मात्र भलत्याच माणसावर येतो. हे मी कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही. आमच्या गावात, हळदीच्या खळ्यावर, माझ्या स्वतःच्या हातांनी शिकले.

आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी आमच्या शिवारापर्यंत यायचं, म्हणून जवळपास प्रत्येक घरात थोडी का होईना हळद असायची. हळद निघाली की दोन-अडीच महिने गाव वेगळंच होऊन जाई. कढयांखाली पाचट पेटायचं, शिजलेल्या हळदीचा उग्र, ओलसर वास घराघरात शिरायचा, आणि मग अंगणं, गच्च्या, शाळेचं पटांगण, देवळाचा ओटा, जिथे जागा दिसेल तिथे हळद वाळत पडायची. वाळली की पॉलिश. त्या दिवसांत आमच्या घरातलं सगळं पिवळं असे. पिठाच्या डब्याचं झाकण पिवळं, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या मिशा पिवळ्या, शिंकरलं तरी पिवळं. माय भाकरी थापायची ती घाईघाईत, सकाळीच दुरडीभर. त्याच्याबरोबर जवसाची चटणी, नाहीतर येसराची पातळ आमटी, आणि कधी अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल. भाकरीच्या पापुद्र्यावर मायच्या बोटांचे पिवळे ठसे उमटलेले असत. ते ठसे पाहून मला तेव्हा किळस यायची. आज ती भाकरी कुणी आणून देईल का, असं वाटतं.

पॉलिशचा ड्रम गावात एकच होता, माणिककाकांचा. माणिककाका म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ, जमीनजुमला बऱ्यापैकी, शब्दाला वजन. ड्रम म्हणजे जाळीचं मोठं पिंप, आडवं, मधून लोखंडी दांडा. त्यात वाळलेली हळद भरायची आणि ड्रम फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर घासून त्यांची साल, मुळं, माती झडून जाई. सुरुवातीला तो हातानेच फिरवत, दोन्हीकडे दोन-दोन माणसं लावून. दांडा बाभळीच्या ठोकळ्यांत फिरायचा, आणि ठोकळे कोरडे पडले की असा आवाज करायचा की म्हाताऱ्या माणसांनी कानावर हात ठेवावेत. त्या ठोकळ्यांची काळजी माझी माय घ्यायची. तिला ते काम कुणी सोपवलं नव्हतं. ती मुळात हळद निवडणाऱ्या बायकांची पुढारी. पण आवाज तिला सहन होत नसे, म्हणून एक दिवस उठून तिने ठोकळे उघडले, आणि तेव्हापासून ते काम तिचंच झालं. शेजारच्या गावात ड्रम गेला की मायलाही बोलावणं येई. लोक तिला 'ड्रमवाली' म्हणायला लागले. चिडवल्यासारखं म्हणत, पण माय त्यावर खूश होती. तिने आयुष्यात एवढी एकच पदवी मिळवली होती.

तिला हे कुठून आलं? तिच्या बापाकडून. माझे आजोबा बैलगाडीने हिंगोलीच्या जिनिंगला कापूस न्यायचे. गाडीच्या तळाशी एक बांबूचं नळकं लटकवलेलं असे, त्यात तेल आणि काजळी कालवून ठेवलेली. चाकाच्या कण्याला लावायचं ते ओंगण. पुण्याची माणसं त्याला वंगण म्हणतात, आमच्याकडे ओंगण. आजोबा पोरीला शेजारी बसवून न्यायचे आणि वाटेत सांगायचे की चिखलाच्या वाटेला तेल जास्त, धुळीच्या वाटेला तेल कमी आणि काजळी जास्त. धुळीत तेल घातलं की तेल धूळ धरतं, आणि धूळ कणा खाते. एवढंच. माय चौथीपर्यंत शिकलेली, पण हे वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं. हळदीचा ड्रम म्हणजे धुळीचं माहेरघर, तेव्हा इथे तेल नकोच, असं तिने ठरवून टाकलं.

मग काय घालायचं? काजळी उडून जायची. जुन्या सेलमधली काळी भुकटी तिने एकदा चिमटीत धरून चोळली आणि फेकून दिली. खरखर लागते म्हणाली. शेवटी आमच्या ट्रंकेची गंजलेली कडी तिने माझ्या शिसपेन्सिलीने घासली, आणि कडी लोण्यासारखी सरकली. झालं. त्या दिवसापासून शाळेतल्या पोरांच्या पेन्सिलींचे तुकडे गोळा करणं माझ्या कपाळी आलं. माय लाकूड सोलून आतलं शिसं काढायची, पाट्यावर पिठासारखं वाटायची, फडक्यात घ्यायची आणि ठोकळ्याच्या आत चोळत बसायची. मधेमधे तोंड जवळ नेऊन त्यावर वाफ सोडायची, चष्म्याची काच पुसताना आपण सोडतो तशी. पुन्हा चोळायचं. आणि शेवटी, हे महत्त्वाचं, स्वच्छ फडक्याने सगळं पुसून काढायचं. मी एकदा विचारलं की एवढं लावलं आणि पुसून का टाकतेस. ती म्हणाली, "दिसलं त जास्त झालं." राहायचं तेवढं राहतं, बाकीचं नुसतं धूळ धरतं. पुसल्यावर लाकडाला एक करडी चमक उरायची. बोट फिरवलं की बोट आपसूक पुढे जायचं. त्या वाफेमुळे बायका कुजबुजत की ड्रमवाली मंत्र फुंकते. माय हसायची.

मी दहावी झाले त्या वर्षी माणिककाकांनी मोटरवर चालणारा ड्रम आणला, वारंगा फाट्यावरच्या एका दुकानातून. बाभळीचे ठोकळे गेले, त्यांच्या जागी पितळेचे बुश आले, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी. दुकानाच्या मिस्तरीने यंत्र बसवून दिलं आणि ग्रीसचा एक डबा काकांच्या हाती ठेवून रोज दोन बोटं भरायला सांगितलं. काकांनी डबा मायकडे दिला. मायने झाकण उघडून वास घेतला, बोटाने चाचपलं, आणि डबा आमच्या घरातल्या देवळीत ठेवून दिला, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. बुश तिने आपल्या पद्धतीनेच केले. माणिककाकांना ते कळलं, पण त्यांनी काही म्हटलं नाही, कारण यंत्र चालत होतं. तो सबंध हंगाम यंत्र चाललं. वारंग्याकडच्या एका गावात अगदी तसाच ड्रम होता, तिथे रोज ग्रीस भरत, आणि त्या एका हंगामात तिथले बुश दोनदा बदलले. ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे ती कुणालाच आठवली नाही.

अकरावीला मी सायन्सला गेले, रोज एस.टी.ने वसमतला. घर्षणाचा धडा चालू होता. सरांनी विचारलं की घर्षण कमी करायला आपण काय वापरतो. मी हात वर केला आणि म्हणाले, ओंगण. वर्ग फिसकन हसला. सरांनी मला बसायला सांगितलं, फळ्यावर 'वंगण' असं लिहून त्याखाली 'तेल, ग्रीस' असं लिहिलं. त्यांनी वाईट हेतूने केलं नसेल. पण पुढच्या बाकावरच्या पोरी आठवडाभर मला 'ओंगणबाई' म्हणत राहिल्या. मी चौदा विद्या चौसष्ट कला शिकायला निघालेली, आणि माझी माय पेन्सिलींचे तुकडे वाटत बसते, पितळेवर तोंडाची वाफ सोडते! मला तिची लाज वाटली. सरळ लिहिते, लाज वाटली. आमच्याकडे म्हणतात तशी मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते, आणि तेही हळदीच्या गावात.

हंगाम ऐन भरात होता. माय तीन-चार दिवस आमच्याच शेतात कढईजवळ अडकली होती. जाताना मला बजावून गेली की बुश पुसून ठेवलेत, उघडू नकोस, फक्त झाकणावर हळद साचली तर झटकून टाक. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्रम सुरू व्हायच्या आधी, मी देवळीतला डबा घेऊन खळ्यावर गेले. दोन्ही बुशांची झाकणं काढली. आत मायची ती करडी, कोरडी चमक होती. मला वाटलं, हे बघा, कोरडं ठणठणीत, यंत्र बिघडलं तर गाव मायलाच बोलणार. तिला वाचवायचं म्हणून मी हे करते आहे, असं स्वतःला समजावत मी दोन्ही बुशांत दोन-दोन बोटं ग्रीस भरलं. ड्रम सुरू झाला तेव्हा आवाजच नव्हता. मऊ, गोड फिरला. मी तिथेच उभी राहून समाधानाने त्याच्याकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटर घुं घुं करून थांबली. पट्टा जागेवरच घसरायला लागला आणि रबर जळल्याचा वास खळ्यावर पसरला. ड्रममध्ये कुणाची तरी पाच-सहा पोती हळद भरलेली, बाहेर चाळीसेक पोती रांगेत, आणि ढग आले होते. हळद भिजली की रंग गेला, रंग गेला की सगळंच गेलं. लोक जमले. फाट्यावर निरोप गेला आणि मिस्तरी दुपार कलता कलता मोटारसायकलवर आला. तोवर मायही शेतातून धावत आली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. मिस्तरीने झाकण काढलं. आतून काळा-पिवळा घट्ट लगदा निघाला, वाळत आलेल्या लेपासारखा. दांड्यावर नखाने ओरखडावं तसे चर पडले होते.

आज मला तो लगदा स्वच्छ कळतो. ग्रीसने हळदीचा भुसा धरला, भुशाबरोबर मातीचे बारीक कण धरले, त्या कणांनी पितळ आणि लोखंड खरवडलं, आणि ती धातूची झीज ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस काळंच होतं. कुठल्याही शिकाऊ पोराला दाखवलं तर तो सांगेल. पण मिस्तरीने काळं बघितलं आणि विचारलं, "आत काय घालत होते?" कुणीतरी सांगितलं, पेन्सिलीचं शिसं. तो आधी हसला. मग दुसऱ्याने वाफ सोडण्याचं सांगितलं, तेव्हा तो आणखी हसला, आणि त्याच्याबरोबर खळंही हसलं. ज्यांच्या हळदीला गेली कित्येक वर्षं तिच्या हातचा ड्रम लागत होता, तेही हसले. मायने एकदाच सांगायचा प्रयत्न केला की मी पुसून ठेवले होते, हे माझं न्हाई, माझं असं ओलं नसतंय. तिचं कुणी ऐकलं नाही.

मी पुढे झाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "ग्रीस मी घातलंय. मायनं न्हाई. मायनं उघडू नको म्हणून सांगितलं होतं."

मला वाटलं, आता गाव माझ्यावर तुटून पडेल. पडावं अशी माझी तयारी होती. मिस्तरीने माझ्याकडे पाहिलं, किती शिकलीस विचारलं. मी अकरावी सायन्स सांगितलं.

"बघा, शिकलेल्या पोरीचं डोकं," तो माणिककाकांना म्हणाला. "हिनं बराबर केलं. पण शिसं आधीच आत बसलेलं, ग्रीस तरी काय करील?"

मी म्हणाले की नाही, शिसं पुसलेलं होतं, मी पाहिलं होतं. तो समजुतीने हसला. ग्रीसनं कधी यंत्र बिघडतंय का, असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं पुस्तकात वाचलं होतं. इथे तर चोर मोठ्याने सांगत होता की चोर मी आहे, आणि लोक त्याची पाठ थोपटत होते. माझी कबुलीच त्यांनी मायविरुद्धचा पुरावा करून टाकली. माणिककाकांनी मायकडे न बघता अण्णांना सांगितलं, "वहिनीला उद्यापासून निवडायलाच बसू दे. यंत्राला बाईमाणसाचा हात नको." अण्णा खाली मान घालून व्हय म्हणाले. माझे अण्णा चांगला माणूस. कधी मायवर हात उगारला नाही, कधी मला शिकू नको म्हणाले नाहीत. पण त्या व्हयबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि ते जाऊन आता इतकी वर्षं झाली तरी करणार नाही.

संध्याकाळी माय चुलीपुढे बसली होती. भाकरी थापत नव्हती, नुसती बसली होती. मी जवळ गेले आणि रडायला लागले. मी म्हणाले, माय, मार मला. तिने मारलं नाही. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "घातलंस त्याचं मला काही न्हाई. लेकराच्या हातून होतंय. पर मला काहून न्हाई विचारलंस?"

विचारावं असं मला वाटलंच नव्हतं. खळ्यावरच्या माणसांना तरी कुठे वाटलं होतं? मिस्तरीने सगळ्यांना विचारलं, मलासुद्धा किती शिकलीस म्हणून विचारलं, पण ज्या बाईने ते बुश वर्षभर सांभाळले होते तिला त्याने एकही प्रश्न केला नाही. त्या न विचारणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे मी होते. तिची स्वतःची लेक.

मिस्तरीने नवे बुश बसवले, आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रम माणिककाकांच्या पुतण्याकडे गेला, बालाजीकडे. पोरगा वाईट नव्हता. रोज सकाळी इमानाने दोन बोटं ग्रीस भरायचा. त्याच हंगामात आणखी एकदा बुश बदलले, पुढच्या हंगामात दोनदा. मिस्तरी यायचा, चहा घ्यायचा, बदलून जायचा. कुणी हसलं नाही. कुणी बालाजीला निवडायला बसवलं नाही. एकदा मी माणिककाकांना तोंडावर विचारलं की आता तर शिसं नाही, मग हे का होऊन राहिलंय. ते म्हणाले, "यंत्र हाय बाई, झिजणारच." आपला तो बाब्या! बालाजीच्या हातून गेलं ती झीज, मायच्या हातून गेलं, तेही तिच्या हातून न जाता, ती चूक. माय बायकांच्या रांगेत सुपात हळकुंडं निवडत बसायची. ड्रमचा आवाज चढला की तिचे हात थांबायचे. मान वर करायची, ऐकायची, आणि पुन्हा खाली घालायची. ड्रमवाली म्हणणं लोकांनी सोडून दिलं.

मी पुढे शिकले ते रागाने. हे कबूल करायला मला संकोच नाही. ज्ञानाची तहान वगैरे मोठ्या माणसांना लागते, मला त्या मिस्तरीला उत्तर द्यायचं होतं. पदवी घेतली, पुण्यात एका प्रयोगशाळेत लागले, जिथे धातूच्या भागांवर पातळ थर चढवण्याचं काम चालतं. निर्वात पेटीत धातूचा तुकडा ठेवायचा आणि त्यावर केसाच्या शंभराव्या भागाएवढा पदार्थाचा थर बसवायचा. कधी हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा, कधी मॉलिब्डेनम आणि गंधकाच्या संयुगाचा, ज्याचे पापुद्रे एकमेकांवरून पत्त्यांसारखे सरकतात. पहिल्याच महिन्यात मला वाचायला दिलेल्या टिपणात होतं की जिथे धूळ फार तिथे ग्रीस टाळावं आणि कोरडा थर द्यावा, कारण ग्रीस धूळ धरतं. मी ते वाक्य तीन-चार वेळा वाचलं. मग पुढच्या पानावर होतं की पेन्सिलीतल्या शिशाला, म्हणजे ग्राफाइटला, सरकण्यासाठी थोडा ओलावा लागतो. हवेत वाफ असली तर ते छान चालतं, निर्वातात मात्र खरखरतं. मी टिपण मिटलं आणि जिन्यात जाऊन बसले. मायच्या त्या एका वाफेने किती फरक पडत होता, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. साध्या हवेत असतो तेवढा ओलावा बहुधा पुरतो. पण ज्या वाफेवर अख्खं खळं हसलं होतं, ती मूर्खपणाची नव्हती, एवढं त्या पानावर छापलेलं होतं. त्या दिवशी मी आनंदाने नाचायला हवं होतं. मला नुसती चीड आली. ज्या बाईला हे हाताला कळलं होतं, ती तेव्हा आमच्या गावात सुपात हळकुंडं निवडत होती.

काही वर्षांनी आमच्याकडे मसाल्याच्या गिरण्या करणाऱ्यांचं काम आलं. मिरची आणि हळदीच्या भुशात त्यांचे बुश झिजत होते. मी कोरडा थर सुचवला, फडक्याने चोळून बसवायचा. नमुने केले, पण चाचणीत काहींवर भुसा धरत होता आणि महिने गेले तरी कारण सापडेना. साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. मी दोन बुश रुमालात बांधले आणि रात्रभर एस.टी.त बसून गावी गेले. माय ओट्यावर तूर पाखडत होती. आता तिची नजर अधू झाली होती, बोटं वाकडी. मी रुमाल सोडून बुश तिच्या हातात दिले.

"हे काय करू?" ती म्हणाली.

"तुला विचारायला आलेय," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला आठवलं की नाही, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. तिने सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि बुश घेऊन आतून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग तोंड जवळ नेऊन वाफ सोडली आणि पदराचा पांढरा काठ आतून फिरवला. मधे काठ पांढराच राहिला. बुशाच्या तोंडाशी आला तेव्हा करडा डाग पडला.

"मधात बराबर हाय," ती म्हणाली. "कडेला दिसून राहिलंय. पूस."

तेच होतं. चोळताना भुकटी कडेला साचत होती, आणि आमच्या पुसण्यात कड सुटत होती. इतक्या महिन्यांत आम्हा शिकलेल्या पाच जणांना ते दिसलं नव्हतं, कारण आम्ही मोजत मधेच होतो. मी परत जाऊन कडा पुसायला लावल्या आणि नमुने चाचणीत टिकले. अहवाल लिहिताना पद्धत कुणी सुचवली या रकान्यात मी मायचं नाव लिहिलं. साहेबांनी ते लाल शाईने खोडलं. प्रेमळपणेच म्हणाले, "घरच्यांची नावं नकोत हो, हसं होईल." हसं. पुन्हा तेच. मी भांडले, दोन दिवस भांडले, शेवटी अहवाल नावाशिवाय गेला. नोकरी सोडली नाही, याचीही मला चीड आहे.

पुढच्या सुट्टीत मी हे मायला सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला. ती ऐकत होती, भाकरी उलटत होती. मग अगदी सहज म्हणाली, "असू दे की. दिसलं त जास्त झालं."

तिने गंमत केली असेल. ती हसलीही. मी मात्र ताट बाजूला सारलं. नाही माय, ते बुशाला लागू. माणसाला नाही. तुला खळ्यावर पुसून टाकलं, अहवालातून पुसून टाकलं, आणि तूही तेच म्हणणार असशील तर मग उरलं कोण? तू आता नाहीस, त्यामुळे तुला न विचारता मी हे करते आहे, दुसऱ्यांदा. तिचं नाव द्वारकाबाई. माणिककाकांच्या ड्रमचे बुश तिच्या हाताखाली होते तोवर एकदाही बदलावे लागले नाहीत, आणि ते बिघडले ते मी घातलेल्या ग्रीसने.